पेडगावच्या मावशींचं नाव

समस्त परभणीकरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सोयाबीन खरेदी केंद्रावर माइकवरून नावं पुकारण्याचं ऐतिहासिक काम माझ्याकडे आहे. शेतकऱ्यांची यादी टोकन नंबराप्रमाणे मोबाइलवर वीस-वीस नावांच्या पानांनी येते. ती बनवणाऱ्या गृहस्थांचं नाव मला आजही माहीत नाही. काहीही विचारा, ते आधी "थांबा, बघू" म्हणणार, चष्मा शर्टाला पुसणार आणि तोवर चहा गार करणार.

खरेदीचा शेवटचा दिवस होता. पेडगावच्या एक मावशी दोन दिवस पोत्यांवर बसून होत्या, पण त्यांचं नाव काही येईना. गृहस्थ लॅपटॉप घेऊन सरळ त्यांच्या शेजारी बसले.

"मावशी, तुमचं नाव निघेस्तोवर मी बी हालत न्हाई."

"बस की. पोत्याला काय भाडं हाय का?"

थोड्या वेळाने गृहस्थांनी मला हाक मारली. "चूक माझीच हाय. कुणी नाव काढून घेतलं की यादी एक घर वर सरकते. मग दुसऱ्या पानाचं पहिलं नाव पहिल्या पानावर जातं, आणि ते पान तुमी आधीच पुकारलेलं असतं. आता पान मागायचंच न्हाई. शेवटच्या पुकारलेल्या टोकनपुढचे वीस मागायचे."

'चूक माझीच' हे वाक्य केंद्रावर मी प्रथमच ऐकलं.

त्यांनी मावशींच्या आधीच्या टोकनपुढची यादी मागवली. मी छाती भरून मावशींचं नाव पुकारलं. ट्रॅक्टरसुद्धा दचकले असतील. मावशी ताडकन उठल्या.

"अरे, बोंबलतो कशाला? दोन दिसापासून इथंच हाय की मी!"