मिटलेलं प्रवाळ

आज सकाळी चहा घेऊन हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर उभा राहिलो आणि चहा हातातच गार झाला. महिनाभर मिटून बसलेलं प्रवाळ उघडलं होतं. रंग अजून फिकाच, पण तांदळाच्या दाण्याएवढी त्याची तोंडं पाण्यात डोलत होती.

या महिन्यात मी काय काय केलं नाही! रोज छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याचा क्षारपणा, जरा उतरली की पूड घालायची, चढली की पाणी बदलायचं. दिवे आज वाढव, उद्या कमी कर. आणि पाणी गाळून गाळून इतकं नितळ केलं, की मासे हवेत तरंगल्यासारखे दिसायचे.

शेवटी बायकोच वैतागली. "अहो, पाण्यात काही राहूच देत नाही तुम्ही. ते बिचारं खाणार काय?"

खरंच होतं. मी ज्याला घाण म्हणत होतो, ते त्याचं जेवण होतं. मग फिल्टर कमी केला, दिव्यांची वेळ ठरवून टाकली आणि हात आवरला.

काळजीलाही भूक असते बहुतेक. समोरचा उपाशी राहिला तरी ती रोज पोटभर जेवते.

आमची मुलगी यंदा शिकायला बाहेरगावी गेलीय. मी दिवसातून तीनदा फोन करतो, "जेवलीस का?" विचारतो. ती "हो" म्हणून ठेवून देते. आज टाकीसमोर बसून राहिलो, फोन केलाच नाही.

दुपारी तिचाच आला. मी काही विचारलं नाही. तीच कितीतरी वेळ बोलत राहिली.