कचऱ्यात सापडलेलं कव्हर

आमच्या घरात एक नास्तिक राहतो, हे मला कचऱ्याच्या पिशवीतून कळलं.

इथे आखातात, रोल्ला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कचरा टाकणं हे माझं खातं. (बाकी खाती बायकोकडे.) त्या दिवशी पिशवीतून एक चकचकीत मराठी कव्हर डोकावलं. कुणा लेखकाने आपण देवधर्म का सोडला, हे सांगणारं पुस्तक. नुसतं कव्हर! म्हणजे पुस्तक घरातच कुठेतरी, आणि कुणीतरी ते चोरून वाचतंय!

आणि हे नेमकं आत्ताच! माझा व्हिसा रिन्यूअलला गेलेला. व्हिसाची कामं बघणारा कंपनीचा पीआरओ रोज "इन्शाल्ला, टुमॉरो" म्हणत होता. हमरियाला कामावर निघताना मी रोज आईच्या पोथीला डोकं टेकवून जायचो, सगळी भिस्त त्यावर. आणि घरातच हा घरभेदी!

पहिला संशय मुलीवर. सतरा वर्षांची, दार लावून बसते, आरतीला मोबाइल बघते.

"हे तुझं?"

"बाबा, सीरियसली? आय कान्ट इव्हन रीड मराठी!"

सुटली. (तिला मराठी वाचता येत नाही याचा आनंद मला आयुष्यात प्रथमच झाला.)

मग बायको. गेल्या चतुर्थीला तिने साबुदाण्याच्या खिचडीवर बिस्किट खाल्लेलं मी पाहिलं होतं.

"सुमा, खरं सांग."

"वाचायला वेळ मिळाला तर मी आधी झोपेन! आणि तुमचं काय? तुम्हीच वाचून कव्हर फेकलं असेल!"

म्हणजे आता संशय माझ्यावर! आईला विचारायचा प्रश्नच नव्हता. ती व्हिजिटवर आलेली, रोज सकाळी आंघोळ करून लाल फडक्यातली पोथी तासभर वाचायची. गेले तीन आठवडे तर दोन-दोन तास.

"खलास! आता सगळ्यांनी पोथीवर हात ठेवून शपथ घ्यायची!" मी गरजलो आणि देव्हाऱ्याकडे धावलो.

"अरे, हात लावू नकोस! पारोसा आहेस!" आई किंचाळली.

मी फडकं ओढलं. पोथी हातात आली. पोथी कसली, तेच पुस्तक! पान एकशे बारावर तुळशीचं पान, खूण म्हणून.

"आई! तू?"

"मग काय करू? पोथी चाळीस वर्षांत तोंडपाठ झाली. ती बॅगेत आहे, नीट ठेवलीय. हे दिसलं तर तू तमाशा करशील, म्हणून फडक्यात गुंडाळलं. ते मेलं कव्हर बाहेर डोकावायचं, म्हणून काढून फेकलं."

"आणि पटलं तुला?"

"निम्मं पटलं. उरलेलं वाचायचंय, आण इकडे."

म्हणजे तीन आठवडे मी ज्याला डोकं टेकवत होतो, ते हे! मी पुस्तक तिच्या हातात दिलं. तेवढ्यात फोन वाजला. पीआरओ.

"मुबारक हबीबी! व्हिसा हो गया!"

आईचं पुस्तक कधीच वाचून झालं. ती परत जाताना मी तिच्या बॅगेतून ते हळूच काढून घेतलं. दोन वर्षांनी पुन्हा रिन्यूअल आहे, उगाच रिस्क कशाला घ्या!