फिल्टरवरचं शिसं

प्रयोगशाळेत सगळे तिला वजनताई म्हणत. स्वतः काडीसारखी किडकिडीत, त्यामुळे नवा माणूस हे नाव ऐकून हसायचाच. पण तिचं काम वजनाचंच होतं. शहरातल्या सहा गच्च्यांवर हवा ओढून घेणारी यंत्रं होती. ठरलेल्या दिवशी सकाळी ती गच्ची चढायची, आदल्या दिवसभर चाललेला गोल फिल्टर चिमट्याने काढायची आणि नवा बसवायची. बसवताना पांढराशुभ्र असलेला फिल्टर काढताना करडा झालेला असे. तो ज्या काट्यावर मोजायचा, तो इतका नाजूक, की शेजारी कुणी शिंकलं तरी आकडा हले.

मग रसायनवाल्या बाई त्या फिल्टरवर काय काय आहे ते शोधत. काजळी, माती, धुरातल्या वायूंपासून हवेतच तयार झालेले सल्फेट-नायट्रेटचे क्षार आणि चिमूटभर धातू. बावीस वर्षांत वजनताईला हे सगळं पाठ झालं होतं.

त्या हिवाळ्यात शाळेच्या गच्चीवरच्या फिल्टरमध्ये शिसं निघालं. नेहमीच्या नऊपट.

साहेब म्हणाले, "चिमटा घाण असेल. काढून टाका तो आकडा."

"साहेब, चिमटा मी स्वतः धुते."

"मग हात घाण असतील."

हे तिला लागलं. पुढच्या खेपेला तिने दोन फिल्टर नेले. एक यंत्रात बसवला, दुसरा नुसताच वर नेऊन खाली आणला. नुसता फिरवून आणलेला स्वच्छ निघाला. यंत्रातल्यात पुन्हा शिसं, आणि त्याच्या जोडीला अँटिमनी हा दुसरा धातू. तिने वाऱ्याच्या नोंदी पाहिल्या. दोन्ही दिवस वारा पूर्वेचा होता.

रसायनवाल्या बाई म्हणाल्या, "हे दोघं असे जोडीने आले, म्हणजे त्या बाजूला कुणीतरी जुन्या बॅटऱ्या वितळवतंय."

वजनताईच्या काळजात चर्र झालं. तिचा धाकटा भाऊ वर्षभरापासून शाळेच्या पूर्वेला एका भट्टीवर कामाला होता. काय वितळवता, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

दुपारी ती थेट त्याच्या घरी गेली. भाऊ पोट धरून पडला होता.

"महिनाभर असंच चाललंय ताई," भावजय म्हणाली. "आणि चिडचिड तर विचारूच नका. चमचा पडला तरी अंगावर धावून येतात."

भाऊ पाणी प्यायला उठला. हातातला पेला थरथरत होता.

"भट्टीत बॅटऱ्या वितळवता का रे?"

"हो. का?"

"चल, रक्त तपासून घेऊ."

"ताई, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस!"

"तुझं पोट दुखतंय म्हणूनच आलेय. चप्पल घाल."

रक्तात शिसं चांगलंच वाढलेलं निघालं. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही फिल्टरांचे निकाल, वाऱ्याच्या नोंदी आणि भावाचा रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी दोनदा वाचलं.

"आकडा राहू द्या," ते म्हणाले आणि त्याच दिवशी त्यांनी वर पत्र पाठवलं.

तीन आठवड्यांनी भट्टीला सील लागलं. शाळेतल्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा अकरा जणांच्या रक्तात शिसं जास्त होतं. त्यांच्यावर उपचार सुरू झाले. भट्टीवरच्या चौदा जणांचं काम मात्र गेलं. सख्ख्या बहिणीने चुगली केली, असं भाऊ सगळीकडे सांगत सुटला. पाच महिने त्याने तिच्याशी अबोला धरला. तिनेही समजावायला माणसं धाडली नाहीत. भावजयीला फोन करून औषधं वेळेवर घेतो ना, एवढंच विचारायची.

एका सकाळी तो दारात उभा. आता काचेच्या दुकानात लागला होता.

"आज तपासणीला रक्त द्यायचंय," तो म्हणाला. "सुईची भीती वाटते. येतेस?"

ती गेली. त्याने मान फिरवून डोळे मिटले आणि तिचा हात गच्च धरला. शिसं निम्म्यावर आलं होतं. त्याचा हात अजून थोडा थरथरत होता. ती थरथर पूर्ण थांबेल की नाही, डॉक्टरांना सांगता आलं नाही.