तात्पुरता पदभार

प्रेमराज सरांच्या पत्रात 'तात्पुरता पदभार' असं लिहिलं होतं. तो तात्पुरता नऊ वर्षं चालला. भडगाव तालुक्यातली आमची चौथीपर्यंतची शाळा. शिक्षक दोनच, सर आणि मी. प्रेमराज सरांच्या आधीचे मुख्याध्यापक तोताराम सर "दोन दिवस सांभाळा" म्हणून किल्ल्यांचा जुडगा यांच्या हातात देऊन गेले आणि तिकडूनच बदली करून घेतली. तेव्हा प्रेमराज सरांनी एक धडा घेतला, आपलं ओझं दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही.

धडा इतका मनावर घेतला की शाळेचं सगळं तेच करायचे. खिचडीचे रोजचे आकडे मोबाइलवर भरणं, तांदळाची पोती, वीजबिल, शिष्यवृत्तीचे फॉर्म. "मी भरू का?" विचारलं की म्हणायचे, "राहू द्या हेमांगी मॅडम, तुम्ही मुलांकडे बघा." खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटायचं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कुंदाबाई लेकीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस गेल्या. त्यांच्या जागी त्यांची धाकटी जाऊ आली, आणि खिचडीची चव तीच. सरांना नवल वाटलं. कुंदाबाई परत आल्यावर त्यांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सर, आठवडामा एक दिन मी तिना हातमा पळी देस आनि बाजूले बसस. खारी व्हयनी तरी बोलस नही."

सरांनी हे पालकसभेत टाळ्या घेत सांगितलं. पळी मात्र स्वतःच्याच हातात ठेवली.

मग गेल्या वर्षी बदलीचा आदेश आला. धुळे जिल्हा, साक्री तालुका, पिंपळनेरजवळची शाळा. पिंपळनेरला त्यांचं घर. आई यशोदाबाई आणि बायको दिपमाला तिथे, हे भडगावात भाड्याच्या खोलीत. शनिवारी शाळा सुटली की धुळ्याला बस बदलून घरी, सोमवारी पहाटे परत. आदेशात एकच अट होती. महिनाअखेरपर्यंत पदभार सोपवून कार्यमुक्त व्हायचं, नाहीतर आदेश रद्द.

पदभार घेणार कोण? मी. आणि मी सरळ नाही म्हणाले. लेखी दिलं. मला त्यातलं काही येत नव्हतं, आणि हा जुडगा गळ्यात पडला की सुटत नाही हे मी रोज समोर बघत होते. सरांना टेबलावर किल्ल्या टाकून निघून जाता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, याचाच मला जास्त राग येत होता.

त्या सोमवारी सर घरून आले ते उतरलेलं तोंड घेऊन. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता आणि यांना पत्ताच नव्हता. बायकोला रागावून विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्ही येशात तवलगून मायना डोया थांबतीन का?" घरात आल्याच्या पहिल्याच वर्षी सासूनं तिच्या हातात कपाटाची किल्ली दिली होती. तेव्हापासून घर तीच चालवते.

"तिथे माझ्यावाचून काही अडत नाही," सर म्हणाले, "आणि इथे माझ्यावाचून काहीच हलत नाही. मी जाऊ कुठे?"

मला राहवलं नाही. "हलेल कसं? कधी हात लावू दिलात का? आम्हाला ओझं नको म्हणून तुम्ही स्वतःलाच कोंडून घेतलंत, आणि वर आम्ही उपकार मानायचे!"

दुसऱ्या दिवशी सरांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला आणि शेजारी खुर्ची घेऊन बसले. त्रेचाळीस मुलं होती, मी घाईत चौतीस भरले. सरांचा हात पुढे आला. त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. चार दिवसांनी तालुक्याहून खुलासा मागणारं पत्र आलं. तो खुलासा मीच लिहिला, तीनदा खोडून. त्यानंतर आकडा चुकला नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी 'पदभार स्वीकारला' याखाली सही केली. सरांनी जुडगा हातात दिला, पण "दोन दिवस सांभाळा" म्हणाले नाहीत. "मॅडम, हे अवघड आहे," एवढंच म्हणाले. बस सुटली तेव्हा मला रडू आलं, आणि ते सरांसाठी नव्हतं.

आता सहा महिने झाले. सरांचा एकदाही फोन आलेला नाही, आकडे भरले का म्हणून विचारायला. त्यांचा पळीचा धडा पक्का झाला. माझ्याही पत्रात 'तात्पुरता' लिहिलंय. चारही वर्ग मी एका खोलीत बसवते. सरांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, आणि आठवड्यातून एक दिवस पळी द्यायची म्हटलं तरी शाळेत माझ्याशिवाय दुसरा शिक्षक नाही.