हौश्याचं दावं

भिमाजी गव्हाणेला मी पहिल्यांदा झापला तो एका बैलावरून आणि शेवटचा झापला तो गोल्फच्या काठीवरून. मधल्या काळात आमची मैत्री झाली, पण ती माझ्या स्वभावामुळे नव्हे, त्याच्या.

मी गुरांचा डॉक्टर. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात माझी ड्यूटी असायची आणि भिमाजी तिथला दलाल. विकणारा एक, घेणारा दुसरा आणि दोघांच्या मध्ये उपरणं टाकून त्याखाली बोटं दाबत भाव ठरवणारा तिसरा, तो भिमाजी. मरतुकड्या बैलाची तो अशी तारीफ करायचा की बैलाचाही स्वतःबद्दल गैरसमज व्हावा. एकदा त्याने चक्क लंगडा बैल 'चालीत नखरा हाय' म्हणून खपवायला काढला, तेव्हा मी त्याला भर बाजारात वाट्टेल ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं, मला चहा पाजला आणि वर विचारलं, "डॉक्टर, सकाळी जेवला न्हाई का?" अशा माणसाशी भांडण टिकवणं फार कष्टाचं असतं.

रिटायर झाल्यावर मी नगरला आलो. माणसांच्या डॉक्टरने चालायला सांगितलं, नुसतं चालायचा मला कंटाळा, म्हणून गोल्फ. दौंड रस्त्याला आमचं नऊ खड्ड्यांचं मैदान आहे. मैदान म्हणजे मुळात माळच. हिरवळ काय ती खड्ड्यांच्या भोवती, आणि ती जगवायला शेणखत लागतं. ते खत घेऊन एक दिवस ट्रॅक्टरवर बसून भिमाजीच आला. खत उतरेपर्यंत तो माझा खेळ बघत उभा राहिला.

"ह्यो बॉल तुमी हाकलता, आन् परत त्याच्याच मागं जाता?"

"हो."

"मग हाकलता कशाला?"

ह्याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. तेव्हा चिडून मी म्हणालो, "घे, तूच मारून बघ." माझी एक जुनी सात नंबरची काठी होती, टाकूनच द्यायची होती, ती त्याच्या हातात दिली. धोतराचा सोगा खोचून त्याने कोयता चालवावा तशी काठी फिरवली. चेंडू सरळ वर गेला, तळं ओलांडून पलीकडच्या हिरवळीवर पडला आणि खड्ड्यापासून हातभर अंतरावर थांबला. मैदानावरचे सगळे आपला खेळ थांबवून बघायला लागले. भिमाजीने विचारलं, "चुकलं का काय?"

ती काठी मी त्याला देऊन टाकली. त्याने तिचं नाव ठेवलं हौश्या. गोल्फला चौदा काठ्या लागतात. लांबच्या माराला एक, वाळूतून काढायला एक, खड्ड्यात ढकलायला एक. पुढची पाच-सहा वर्षं भिमाजी सगळं हौश्यावर करायचा. गावाकडे ज्वारीच्या धसकटांत सराव, रविवारी माझा पाहुणा म्हणून मैदानावर. बाजारात अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या जनावरांची तारीफ करणारा हा माणूस हौश्याबद्दल मात्र अवाक्षर काढायचा नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "इकायचा न्हाई, मग तारीफ कशाला?"

मग भिमाजीला क्लबात मेंबर करून घ्यायची टूम निघाली. सेक्रेटरीसाहेबांनी अट घातली की नऊ खड्डे चोपन्न फटक्यांत पुरे करून दाखवायचे. भिमाजीला मेंबर व्हायचं होतं ते एका फळ्यासाठी. क्लबाच्या भिंतीवर मेंबरांच्या नावांचा रंगवलेला फळा आहे. त्याखाली उभा राहून तो मला म्हणाला, "डॉक्टर, बाजाराच्या पावतीवर इकणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं. दलालाचं कुटंच नसतं. जल्मभर हजारो सौदे केले, माझं नाव कुटं लागलं न्हाई. हितं लागंल." आणि बोटाने त्याने मला 'ग'ची रिकामी जागा दाखवली.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याच्या मोबाईलवर व्हिडिओ येऊ लागले. कुणीतरी गोरा माणूस नवी काठी हातात घेऊन सांगायचा की हिच्याने चेंडू वीस पावलं लांब जातो. भिमाजीला इंग्रजी कळत नाही, पण तारीफ कळते. लंगड्याला नखरेल म्हणून विकणारा हा माणूस त्या गोऱ्याच्या बोलण्यात लहान मुलासारखा सापडला. मी म्हणालो, "अरे, हा पण दलालच आहे." तर म्हणे, "असंल, पर इमानदार वाटतो."

आम्ही पुण्याला गोल्फच्या दुकानात गेलो. तिथे त्याने माझी जी शोभा केली ती मी विसरणार नाही. प्रत्येक काठीच्या पाठीवरून हात फिरवला, खूर बघितल्यासारखं तिचं टोक उलटं करून बघितलं. सगळ्यात मोठी काठी कानाशी धरून टिचकी मारली आणि विक्रेत्याला म्हणाला, "पोकळ हाय ह्ये." विक्रेता म्हणाला की ती पोकळच असते. "मग आधी का न्हाई सांगितलं?" मग त्याने हुकूम सोडला, "जरा चालवून दाखव." टाय घातलेला तो गृहस्थ मुकाट्याने काठी घेऊन दुकानभर फिरला. शेवटी भाव ठरवायची वेळ आली, तेव्हा भिमाजीने उपरणं काढून त्या गृहस्थाच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. तो इतका घाबरला की त्याने मॅनेजरला हाक मारली. मॅनेजरही घाबरला. अखेर छापील किमतीलाच चौदा काठ्यांचा सेट घेऊन आम्ही बाहेर पडलो. जीपमध्ये भिमाजी म्हणाला, "मानसं चांगली हायेत, पर त्यांना बोटं दाबता येत न्हाईत."

आता दावणीला नवी जनावरं आली म्हटल्यावर जुनं विकायचं, हा त्याचा धंद्याचा नियम. हौश्याला गिऱ्हाईक लगेच मिळालं. आवेज नावाचा आमच्यातलाच एक खेळाडू, नगरमध्ये त्याचं कूलर-पंख्यांचं दुकान आहे. हौश्यावर त्याचा डोळा होताच. व्यवहार ठरला. आणि काठी देण्याआधी भिमाजीने खिशातून चाकू काढून तिच्या मुठीवरचं रबर उभं चिरलं आणि सोलून स्वतःच्या खिशात घातलं.

आवेजने काठीची उघडी दांडी पकडून बघितली. "चाचा, मी धरू कशाला?"

"दावं जनावराबरूबर जात न्हाई," भिमाजी म्हणाला.

आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं मालक घरी घेऊन येतो. दाव्याबरोबर घरातली लक्ष्मी जाते म्हणतात. बाजारात हे मी हजारदा पाहिलंय. पण रबराच्या मुठीला हा कायदा लागू पडेल असं जगात कुणाच्या डोक्यात आलं नसेल. आवेज भला माणूस. त्याने हसून दुसरी मूठ बसवून घेतली. भिमाजीने ते रबर घरी नेलं आणि त्याच्या बायकोने, कडूबाईंनी, गोठ्यातल्या खुंटीला टांगून त्याला हळदकुंकू वाहिलं.

त्यानंतर भिमाजीचा खेळ बसला. साधा बसला नाही, पार बसला. चेंडूजवळ उभा राहून तो चौदा काठ्यांकडे बघत बसायचा. एक काढायचा, ठेवायचा, दुसरी काढायचा. मागचे खेळाडू ओरडायचे. मारला तर चेंडू बाभळीत, नाहीतर शेजारच्या उसात. माझ्या अंगाची लाही व्हायची. परीक्षा पंधरवड्यावर आलेली आणि हा नवरदेवासारखा काठ्या निवडतोय! तिकडे आवेज हौश्याला घेऊन असे फटके मारत होता की बघवत नव्हतं. भिमाजी तिकडे पाठ करून उभा राहायचा.

ह्यावर निदान केलं कडूबाईंनी. मी काष्टीला गेलो होतो तेव्हा त्यांनी मलाच फैलावर घेतलं. "डाक्टर, तुमी शिकलेले ना? नवं जनावर आनलं तर जुनं दावं त्येच्या गळ्यात घालत्यात. ह्यांनी खुंटीला टांगून ठिवलं. मग ते जनावर घरचं हुईल कसं?"

मी म्हणालो, "वहिनी, ती काठी आहे."

"मग काय झालं? हात तर ह्यांचाच हाय ना!"

मला राग आला, कारण बोलणं चुकीचं वाटेना. नव्या सात नंबरची महागडी मूठ काढली आणि तिथे हौश्याचं चिरलेलं रबर गुंडाळलं. ते बसेना, म्हणून वरून चिकटपट्टी, आणि तीही सुटायला लागली म्हणून सुतळी. पण खरं सांगतो, तेव्हापासून भिमाजीचे फटके सरळ जाऊ लागले. उरलेल्या तेरा काठ्या त्याने घरी ठेवल्या नाहीत, नुसत्या सोबत फिरवल्या. म्हणे, "बघून बघून शिकतील."

परीक्षेच्या रविवारी तो कडक इस्त्रीचं धोतर, कॉलरचा सदरा आणि गोल्फचे बूट घालून आला. सेक्रेटरीसाहेबांनी नियम काढून बघितला. कॉलर हवी, बूट हवेत. धोतर नको असं कुठेही म्हटलेलं नव्हतं, कारण ते लिहिणाऱ्याला सुचलंच नसणार. खेळ सुरू झाला. मी बरोबर होतो, आवेजही आपला खेळ सोडून बघायला आला होता. आठ खड्डे भिमाजी असा खेळला की सेक्रेटरीसाहेब दोनदा 'वा' म्हणाले. शेवटचा खड्डा उरला तेव्हा तीन फटके शिल्लक होते. एक फटका तळ्यावरून हिरवळीवर, मग दोन हलके, की झालं. मी देवाला नारळ बोललो. हौशी खेळ, कुणाच्या घरची चूल त्यावर नव्हती, तरी बोललो.

भिमाजीने काठी उचलली, कंबर वळवली आणि फिरवली. वरच्यावर सुतळी सुटली. मूठ राहिली भिमाजीच्या हातात आणि काठी गरगरत जाऊन तळ्यात बुडाली. जाताना तिचा निसटता धक्का चेंडूला लागला, तो वीतभर सरकला आणि थांबला. भिमाजी हातातल्या रबराकडे बघत होता. तळ्यातले बगळे उडाले.

दोन फटके उरले. तळं ओलांडून चेंडू खड्ड्याच्या अगदी शेजारी पडला, तर अजून जमणार होतं. तसा फटका त्याला येत होता, पण तो हौश्यावर. आवेजला हे माझ्याआधी कळलं. तो धावत जाऊन आपल्या पिशवीतून हौश्याला घेऊन आला.

"चाचा, घ्या. मारा."

मी सेक्रेटरीसाहेबांकडे बघितलं. दुसऱ्याची काठी घेणं नियमात बसत नाही. पण त्यांनी चष्मा काढला, पुसत राहिले आणि म्हणाले, "मला आत्ता काही दिसत नाही."

भिमाजीचा हात पुढे झाला. मुठीपासून चार बोटांवर येऊन थांबला. त्याने तो मागे घेतला, सदऱ्याला पुसला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"न्हाई."

"अरे घे की!" मी ओरडलो.

"इकलेल्या जनावराला जुन्या मालकाचा हात लागला की ते नव्याला मानत न्हाई, डॉक्टर. दावं तोडून घरी पळून येतं. तुमी पाह्यलंय. ह्या पोराच्या हाताला आत्ता कुटं रुळलंय ते."

"ती काठी आहे, भिमाजी! लोखंडाची काठी! कुठं पळून येणार आहे ती?"

"तुमाला ठाव न्हाई त्यो."

त्याने पिशवीतल्या तेरांपैकी हाताला येईल ती काठी घेतली आणि मारली. चेंडू तळ्याच्या मधोमध पडला. सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा घातला, "सॉरी, गव्हाणे," म्हणाले आणि मान खाली घालून क्लबाकडे गेले. फळ्यावरची 'ग'ची जागा तशीच राहिली.

मग मी त्याला झापला. मूर्ख म्हणालो, अडाणी म्हणालो, माझी सहा वर्षं पाण्यात घातली म्हणालो. गवतावर बसून बुटांचे बंद सोडत त्याने सगळं ऐकून घेतलं. मी दमल्यावर म्हणाला, "डॉक्टर, बाजारात शेतकरी बैल देताना दावं सोडतो, आन् सोडतच बसतो. गाठ सुटत न्हाई म्हनतो. मी लई शिव्या घातल्यात त्यांना, उरक म्हनून. दलाली जल्मभर केली, पर घरचं सवताचं असं हे पहिलंच इकलं मी." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं, आणि एका लोखंडी काठीपायी आलं म्हणून मला स्वतःचाच भयंकर राग आला.

आवेज हौश्याला हातात धरून तिथेच उभा होता, जावं की थांबावं हे न कळून. भिमाजी उठून त्याच्यासमोर गेला. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून त्याने हौश्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बराच वेळ.

"वाळल्यावानी दिसतोय," तो म्हणाला. "पोटभर घालतोस ना रं त्याला?"

कूलर-पंखे विकणारा तो शिकलासवरला माणूस. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या काठीकडे.

"घालतो, चाचा," आवेज म्हणाला. "दोन्ही वेळा."