पत्र्याच्या खोलीतली चूल

माझ्या खिडकीसमोर एक मोठा रिकामा प्लॉट आहे आणि त्याच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली. शहरात एका माणसाने किती मोकळी जमीन ठेवावी यावर कायद्याने मर्यादा आणली, त्या वर्षी मालकांनी घाईघाईने ती बांधली आणि गावाकडून शेवंताबाईंना सहकुटुंब आणून बसवलं. मोजणीवाले आले की चूल पेटलेली दिसली पाहिजे, एवढंच बाईंचं काम. पुढे तो कायदा रद्द झाला. चूल पेटतच राहिली.

आज सकाळपासून बाई पत्र्यावरचा दोडक्याचा वेल सोडवत होत्या. मी खाली जाऊन विचारलं, "हे काय हो?"

"शेठ म्हणाले, महिनाअखेर जागा रिकामी करा. म्हटलं, रिकामी दिसू नये म्हणूनच आणलं होतं ना आम्हाला?"

"मग?"

"हसले की! म्हणाले, बाई, तेव्हा कायदा होता."

मी घरी येऊन येरझाऱ्या घालतो आहे. माझ्या तीन खोल्यांपैकी एकीत नुसती पुस्तकं राहतात. तिथे मोजणीवाला कधी आला नाही. पुन्हा खिडकीशी जातो. वेल अर्धा सुटून लोंबतो आहे. मोजायला आता कुणीच येणार नाही, तरी खोलीतून धूर निघतो आहे.