खांद्यावरची दोन बोटं

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारा हा गृहस्थ थट्टा करताना कधीच हसत नाही. गंभीर चेहऱ्यानं टोमणा मारतो आणि मग समोरच्याच्या खांद्यावर दोन बोटं हलकेच टेकवतो. ती टेकली की लोक हसतात. माझी नवी स्कूटर पाहून तो म्हणाला होता, ‘भंगारवाल्यानं मस्त दिली गा तुले.’

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी यंदा घरगुती डबे सुरू करायचं ठरवलं. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा फोटो टाकला आणि ऑर्डरी मागितल्या. यानं खाली लिहिलं, ‘काकू, दवाखान्याचा नंबर बी टाकून द्या.’ कोणी हसलं नाही, ऑर्डरही दिली नाही. थोड्या वेळानं काकूंनी फोटो काढून टाकला आणि त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिकामा डबा घेऊन त्यांच्या दारात उभा होता. मी जिन्यात होतो. तो माफी मागेल असं मला वाटलं. त्यानं तेच वाक्य, त्याच चेहऱ्यानं, जसंच्या तसं म्हटलं आणि दाराच्या चौकटीवर दोन बोटं टेकवली.

काकूंनी त्या बोटांकडे पाहिलं आणि त्या खळखळून हसल्या. ‘असं होय मेल्या! मी तं धंदाच बंद करून राहिली होती.’

‘मंग मी काय उपाशी मरू?’ त्यानं डबा पुढे केला.

संध्याकाळी काकू ग्रुपवर परतल्या. तोच फोटो होता आणि खाली दवाखान्याचा म्हणून एक नंबर. तो याचाच होता. मी दोन डबे सांगितले.